दिवस मावळायच्या आत

गुळाच्या काट्यावर चंदना तिसऱ्यांदा बसली तेव्हा हमालांनी माना फिरवल्या, पण त्यांचं हसू काही लपलं नाही.

"दोन मण सोळा शेर," आकाराम दिवाणजी म्हणाले. "मागल्या महिन्याइतकंच."

रत्नाबाईंच्या छातीत धस्स झालं. हल्ली तिथं सारखंच धडधडायचं. दोन महिने झाले, सुनेला डॉक्टरांची गोळी चालू होती. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नाही. चरबी उतरल्याशिवाय कूस उजवायची नाही, असं त्र्यंबक डॉक्टरांनी टेबलाला टेकलेल्या स्वतःच्या पोटावर हात ठेवून सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर चंदनाला हुपरीला, माहेरी धाडायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवलं रत्नाबाईंनीच, पण ठरवल्यापासून झोपही त्यांचीच उडाली होती.

त्यांच्या लेकाचं, भूपालचं, वजन बायकोपेक्षा दहा शेरांनी जास्त. पण त्याला पेठेत 'भरल्या अंगाचा गडी' म्हणत.

सून तशी गुणाची. इंग्रजी चौथी शिकलेली, पण तोंडातून वावगा शब्द नाही. काट्यावरून उतरली, पदर सावरला आणि मुकाट घरी चालू लागली. गोळी घशात अडकते म्हणून ती कुटून ताकात घालायची. रोज दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की ताकाचे दोन पेले भरून आणायची, एक सासूला, एक स्वतःला. तिचा पेला रिकामा होईतो रत्नाबाई समोर बसून बघायच्या. मगच आपला तोंडाला लावायच्या.

"अक्का, बांगड्या कोपरापतोर चढाय लागल्या की तुमच्या!" शेजारची धोंडुबाई म्हणाली. "सुनंपायी निम्म्या झालायसा."

"काळजी खाती गं बाई मला," रत्नाबाई म्हणाल्या. तांदूळ निवडताना त्यांची बोटं थरथरत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीतली शेवटची गोळी चंदनाच्या तळहातावर ठेवून त्या नवी बाटली आणायला गेल्या.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सूनबाईंना धडधड होते? हात कापतात? झोप उडालीय?"

"कशाचं काय! पडल्या पडल्या घोरती की."

"मग औषध लागू कसं पडत नाही? माल तर अस्सल आहे. मेंढीच्या गळ्यातली गाठ वाळवून करतात."

"कशाची गाठ?"

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. या वेळी जरा हळू.

रत्नाबाई बाटली न घेताच उठल्या. त्यांच्या घरात गाळल्याशिवाय पाणी हंड्यात पडत नव्हतं. कांदा कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. आणि त्या स्वतःच्या हातानं लेकराला दोन महिने मेंढी चारत होत्या! रस्ताभर त्यांना घामाच्या धारा लागल्या. घरी पोचल्या तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती आणि चंदना दोन पेले घेऊन बसली होती.

"पोरी, मी तुला नरकात घातलं गं," रत्नाबाईंना रडू फुटलं. "हुपरीचं नाव काढणार न्हाय मी पुन्ना. काट्यावर बसवणार न्हाय. त्या गोळ्या मेंढीच्या..."

"ठावं हाय, आत्याबाई. बाटलीवर लिवलंय की."

"तुला ठावं हुतं?"

"पयल्या दिवसापासनं. म्हणून तर मी एकबी पोटात घातली न्हाय."

रत्नाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी देवाच्या फोटोला हात जोडले, डोळे पुसले आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्या हलवण्यानंही बांगड्या किणकिणत कोपराकडं घसरल्या.

चंदनानं त्यांच्यापुढचा पेला अलगद जवळ सरकवला.

"आता ताक घ्या, आत्याबाई. दिवस मावळाय लागला. आन् गोळी बी आजची शेवटचीच हाय."