उजेड नको

"सत्तावीस!" शेताच्या बांधावर उताणे पडलेले सुबोधराव ओरडले. लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात त्यांच्या बायकोने, अनुयाने, वहीत रेघ ओढली. तिचं लक्ष उल्कांकडे नव्हतंच.

जवळच्या बरुआसागर गावाच्या बाजूने बॅटऱ्या शेतात उतरत होत्या. आधी एक, मग चार, मग मोजता येईनात. महिनाभर या भागात एकच हूल होती : चोर ड्रोन उडवून घरं हेरतात आणि रात्री येऊन लुटतात. परवाच एका फेरीवाल्याला लोकांनी बदडून काढलं होतं. झाशीहून निघतानाच तिने हे सांगितलं होतं. पण आकाश मोकळं दिसलं की सुबोधरावांना जमिनीवरचं काही ऐकू येत नसे.

"अहो, उठा. माणसं येताहेत."

"येऊ देत. उजेड नको म्हणावं फक्त."

"को आय उतै?" कोण आहे तिकडे, असं अंधारातून कुणीतरी दरडावलं. पाठोपाठ काठी आपटली.

ती तोंड उघडणार तोच पांढरा झोत सुबोधरावांच्या डोळ्यांवर पडला. आकाश दाखवताना गच्चीवर, मैदानात, शाळेच्या पोरांवर ते वीस वर्षं जे खेकसत आले, तेच आताही खेकसले.

"टॉर्च बुझाओ! तुरंत बुझाओ!"

अनुयाची पाचावर धारण बसली. चोराशिवाय असं कोण म्हणेल?

"अहो, गप्प बसा!"

"जे कौन-सी बोली बोल रये?" घोळक्यातून एकाने विचारलं.

"बाहर के हैं. लाल बत्ती से इसारा कर रये ते."

कुणीतरी उल्का टिपायला लावलेल्या तिपाईवरच्या कॅमेऱ्याला लाथ घातली. "हम झाँसी के ही हैं, भैया," ती हात जोडून म्हणाली. "तारे देखते हैं."

सुबोधराव तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

दोन-तीन पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. तिला त्या मोबाइलांचाच काय तो धीर होता. चित्रण चालू असलं की माणूस जरा जपून वागतो. तेवढ्यात मागून एक म्हातारा, शांत आवाज आला.

"वीडियो बंद करो. बत्तियाँ भी बुझा देओ."

एकेक करून उजेड मालवले. आता तिला पुढ्यातले सुबोधरावही दिसेनात. नुसते श्वास ऐकू येत होते, चहूबाजूंनी, अगदी जवळ.

आणि एक भली मोठी उल्का डोक्यावरून गेली. क्षणभर सगळं शेत उजळलं. वर कुणीच बघत नव्हतं. सुबोधरावसुद्धा.