भिंतोबा

कॅप्टन अजूनही त्याच्या सायकलच्या मागच्या चाकाला चिकटून होता. समोरून वारा असा येत होता की तोंड उघडायची सोय नव्हती. मागे मात्र सगळं आलबेल. कॅप्टन चक्क शीळ घालत होता.

पुढे वारा खाणाऱ्या त्याचं संघात नावच 'भिंत' पडलं होतं. सगळी कारकीर्द त्याने एवढंच केलं. वारा आपल्या छातीवर घ्यायचा, कॅप्टनला आडोशाला ठेवायचं आणि शेवटचं वळण संपलं की बाजूला व्हायचं. मग ताज्यातवान्या कॅप्टनने पुढे निघून हात उंचावायचे. कामच ते होतं, त्याची तक्रार नव्हती.

तक्रार एकाच दिवसाची होती. त्या दिवशी शर्यत त्याच्या गावात संपणार होती. रेषेपाशी गर्दी फार, म्हणून आई अलीकडच्या वळणावर उभी राहणार होती. आदल्या संध्याकाळी कॅप्टनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "उद्याचा दिवस तुझा, भिंतोबा. आईसमोर जिंक." त्याने दिवसभर कॅप्टनला ओढलं, वळणापर्यंत आणलं. आणि रेषेपाशी कॅप्टन बाजूने सटकला, अर्ध्या चाकाने जिंकला. वर म्हणाला, "अरे, पाय थांबेचनात!" सगळा संघ हसला. तोही हसला. ते हसू आजवर त्याच्या घशात अडकून होतं.

आज निवृत्तांची शर्यत होती. तेच गाव, तोच रस्ता. कॅप्टनने मुलं, सुना, नातवंडं, सगळा गोतावळा आणून उभा केला होता. आई त्याच वळणावर खुर्ची टाकून बसली होती. आणि हे दोघं बाकीच्यांच्या बरेच पुढे होते.

वळण अजून लांब असताना त्याने कोपर हलवलं. सायकलवाल्यांत याचा अर्थ एकच, आता तू पुढे ये.

"मी?" कॅप्टन ओरडला. "वारा बघतोयस ना?"

"जन्मभर बघितलाय."

तो थेट रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेला. वारा कॅप्टनवर आदळला. शीळ थांबली, मान खाली गेली, सायकल डुलायला लागली. वाऱ्यात सायकल कशी हाणायची, हे बिचाऱ्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. भिंतोबाला मनापासून मजा वाटत होती. एकटा निघाला असता तर सहज जिंकला असता. पण त्याला जिंकायचं नव्हतं, बघायचं होतं. तोही हळू झाला. मागचे एकेक करून पुढे गेले, अगदी ढेरपोटेसुद्धा.

"जरा आडोसा दे रे! नातवंडं बघतायत!"

"माझी आईपण बघत होती."

कॅप्टनला किंचित मागे ठेवूनच त्याने वळण घेतलं. रेषा आली. सगळ्यात शेवटी कॅप्टन, आणि त्याच्यापुढे तो, मुद्दाम अर्धंच चाक.

तसाच मागे फिरून तो वळणावर आईपाशी आला. छाती नुसती फुलून गेली होती.

"पाहिलंस ना, आई? आज तो माझ्या मागे होता!"

आईने रुमालाने त्याच्या कपाळावरची धूळ पुसली.

"त्यात काय नवीन? त्या दिवशीही या वळणावर तो तुझ्या मागेच होता. आज मात्र बाकीचे सगळे तुझ्या पुढे होते."