शपथेचा हात

मूठ काही केल्या वळेना.

प्रणिताने रबरी बोटं एकेक करून दाबून पाहिली. दाबली की वाकायची, सोडली की सटकन सरळ. पडद्यापलीकडे चोआ चू कांगमधल्या तिच्या शाळेचा हॉल गच्च भरला होता. पाच मिनिटांत तिला मुख्य प्रीफेक्ट, म्हणजे मुलांनी निवडलेली विद्यार्थीप्रमुख, म्हणून स्टेजवर जायचं होतं, उजव्या हाताची मूठ छातीवर ठेवायची होती आणि आठशे मुलांना शपथ सांगायची होती. सिंगापूरमध्ये शपथ अशीच घेतात. मूठ, आणि ती थेट हृदयावर.

हात नवाकोरा होता. प्रणिताचा स्वतःचा उजवा हात जन्मापासून मनगटाशीच संपतो. माप मागच्या सुट्टीत पुण्यात दिलेलं होतं, आणि ती निवडून आल्याबरोबर तिच्या आईने, शुभदाने, फोन करून हात करायला टाकला. आज सकाळी पुण्याहून आलेले निशिकांतकाका विमानतळावरून टॅक्सीने थेट शाळेच्या गेटशी आले आणि चकल्यांच्या डब्याखालून खोकं काढून दिलं. रंग अगदी बरोब्बर. नखंसुद्धा होती.

कारागिराने एवढंच विचारलं होतं की बोटं कशी ठेवू. आईने सांगितलं, सरळ ठेवा, एकमेकांना चिकटवून, पोरीला शपथ घ्यायचीय. कारण आई पुण्याच्या शाळेत दहा वर्षं रोज सकाळी प्रतिज्ञेला हात ताठ पुढे करून उभी राहिलेली. शपथ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे तोच हात. इथली सकाळची प्रार्थना तिने कधी पाहिलीच नव्हती. प्रणितानेही कधी सांगितलं नव्हतं. सांगणार काय? तीन वर्षं ती शपथेला शेवटच्या रांगेत जॅकेटच्या खिशात हात घालून उभी राहत होती. बत्तीस डिग्रीत जॅकेट!

ते जॅकेट सुटलं कर्नल हार्डविकमुळे.

इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी एका माणसाचं आयुष्य सांगायचं होतं. चांगली चांगली माणसं वर्गाने आधीच पळवली होती. लायब्ररीत उरला हा, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. आधी शाळामास्तर, मग त्यांच्या यादवी युद्धात शिपाई, मग कर्नल. तोफेच्या गोळ्याने उजवा हात नेला. डाव्याने लिहायला शिकला, पण अक्षर इतकं दिव्य की त्याची पत्रं वाचायला बायको शेजारणीला बोलवायची. मग हा गडी निवडणुकीला उभा राहिला. पडला. परत उभा राहिला, परत पडला. तिसऱ्यांदा निवडून आला. फोटोत त्याने रिकामी बाही दुमडून छातीवर टाचली आहे, अगदी पदकाच्या शेजारी, लोकांना दिसेल अशी.

शपथविधीच्या दिवशी कारकून सवयीने म्हणाला, उजवा हात वर करा. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो लाल झाला. कर्नल शांतपणे म्हणाला, "तो मी आधीच दिलाय. आता डावा घ्या."

प्रणिताने हे वर्गात वीस मिनिटं सांगितलं होतं. जॅकेट काढून. आणि त्याच आठवड्यात निवडणुकीचा फॉर्म भरला होता.

आता पडद्याआड आई त्या सरळ बोटांकडे बघत होती. तिचा चेहरा पार उतरला होता.

"माझंच चुकलं गं. तुला एकदा विचारायला हवं होतं."

इतिहासाच्या मिस टॅन घाईघाईने आत आल्या. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. "यूज युवर लेफ्ट लाह," त्या आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. "युवर कर्नल ऑल्सो लाइक दॅट."

खरं होतं. कर्नलनेही तेच केलं असतं. प्रणिताने डावी मूठ वळून छातीशी नेऊन पाहिली आणि थांबली. कर्नलने हात दिला होता. युद्धात, सगळ्यांदेखत. त्याच्या रिकाम्या बाहीमागे एक गोष्ट होती. हिच्या बाहीमागे कुठलं युद्ध होतं? हिने कधी काही दिलं नव्हतं. कुणी काही नेलंही नव्हतं. ती जन्माला आली ती अशीच, पुरती, हाताला जेवढं यायचं होतं तेवढं घेऊन.

मग डावा कशाला?

तिने रबरी हात ओढून काढला आणि आईच्या हातात दिला. "धर जरा. आणि पहिल्या रांगेत बस, मागे नको." मग नव्या ब्लेझरची उजवी बाही कोपरापर्यंत सरकवली.

ती स्टेजवर आली तेव्हा मागच्या रांगेत थोडी कुजबुज झाली. कडेला उभ्या असलेल्या मिस टॅननी हळूच डावा हात उचलून तिला आठवण करून दिली. प्रणिताने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून. माइक जवळ ओढला आणि उजवा हात छातीवर ठेवला. हॉलभर आठशे मुठी छातीवर गेल्या. तिने पहिला शब्द उच्चारला.

पहिल्या रांगेत मांडीवर तो सरळ बोटांचा हात घेऊन बसलेल्या शुभदाने मुलांच्या मुठींकडे पाहिलं. मग लेकीच्या हाताकडे पाहिलं. गोल, घट्ट, हृदयावर. पंधरा वर्षं रोज पाहिलेला तो हात तिला आज पहिल्यांदा दिसला.

आठशे जणांना मूठ वळावी लागली होती. प्रणिताची जन्मापासून वळलेलीच होती.