सौनातली शिट्टी

सिर्काने फ्रिजचा प्लग काढला, भिंतीवरचं घड्याळ उतरवून दोन उशांच्या मध्ये कोंबलं आणि बर्फाला भोक पाडायचं गिरमिट नवऱ्याच्या हातात दिलं.

"कालच तर तळ्यावर मासे धरून आलो," रेइनो म्हणाला. "बाहेर उणे सतरा आहे."

"मग टोपी घाल."

"फ्रिज बंद, घड्याळ बंद, मी हद्दपार. आता तुझा श्वास तेवढा राहिला."

"माझा वाजत नाही. तुझा वाजतो. नीघ."

दार लागल्यावर सिर्का सौनात, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोलीत, शिरली. इमारतीचा सामाईक सौना मोठा आणि चांगला तापणारा, त्यामुळे घरातला हा अकरा वर्षांत कुणी पेटवलाच नव्हता. त्यात हिवाळी कोट, रजया आणि रेइनोच्या आईने विणलेले, कुणीच न घातलेले स्वेटर टांगलेले होते. आवाज घुमू नये म्हणून अशीच कापडांनी भरलेली खोली लागते, असं संस्थेच्या सूचनापत्रात लिहिलं होतं. त्या स्वेटरांचा आजवर झालेला हा एकमेव उपयोग.

संस्था हौशी वाचकांची होती. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे लोक घरबसल्या जुनी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत, फुकट. त्यासाठी आधी दोन मिनिटांचा नमुना पास व्हावा लागे. सिर्काला यात अवघड काही दिसलं नव्हतं. तेवीस वर्षं तिने लोकांना गाडी शिकवली होती. 'ब्रेक' हा शब्द तिच्याइतका स्वच्छ उच्चारणारं माणूस अख्ख्या कुओपिओत नव्हतं, आणि तो ऐकल्यामुळे जिवंत राहिलेले बरेच जण गावात अजून हिंडतही होते.

नमुना पाचदा परत आला होता. तपासनीसाचं नाव तौनो. त्याचा शेरा दर वेळी तोच: "वाचन उत्तम. मागे बारीक शिट्टी ऐकू येते. पुन्हा पाठवावे."

पहिल्यांदा तिने फ्रिजला दोषी धरलं, दुसऱ्यांदा घड्याळाला, तिसऱ्यांदा रेइनोला, चौथ्यांदा सौनातल्या दिव्याला. दिवा काढून तिने डोक्याला विजेरी बांधली आणि खाणकामगारासारखी बसून वाचलं. आज सकाळी तोही नमुना परत आला. तिने निवडलेली कादंबरी शुक्रवारपर्यंतच तिच्यासाठी राखून ठेवली होती. त्यानंतर ती ओउलूच्या एका पाद्र्याकडे जाणार होती. त्याचं वाचन सिर्काने ऐकलं होतं. प्रेमप्रकरणंसुद्धा तो दफन उरकल्यासारखी वाचायचा.

या वेळी तौनोने एक ओळ जास्त लिहिली होती. "काही न वाचता खोलीची फक्त अर्धं मिनिट शांतता रेकॉर्ड करून पाठवावी. शिट्टी कुठून येते ते शोधू."

सिर्का बाकावर बसली. माईककडे बघत राहिली. ब्रेक लागत नाही अशी शिकाऊ माणसाने तक्रार केली की ती आधी गाडीकडे बघत नसे. त्याचा पाय कुठे आहे ते बघे.

तिने माईकची वायरच उपसून काढली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. अर्धं मिनिट पडद्यावरची रेघ फेब्रुवारीतल्या तळ्यासारखी सपाट पडून होती. त्या फाइलमध्ये खोली नव्हती, सौना नव्हता, सिर्का नव्हती. काहीसुद्धा नव्हतं. तिने ती पाठवून दिली.

चाळीस मिनिटांत उत्तर आलं. "खूपच सुधारणा. अभिनंदन. शिट्टी मात्र आहेच. शेजाऱ्यांकडे एखादं यंत्र चालतं का?"

रेइनो दोन बोटभर मासे घेऊन परत आला, तेव्हा सिर्का स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसत होती.

"सापडला!" तिने त्याला शेरा दाखवला.

"आता काय, भाजणार त्याला?"

"मीठ लावून." तिने नंबर फिरवला. तीन वाक्यं तयार होती, एकाहून एक धारदार.

आवाज म्हातारा निघाला आणि फार सभ्य. "माफ करा," तौनोच आधी म्हणाला. "तुम्हाला सारखं परत पाठवणं मलाही बरं वाटत नाही. पण एकट्या तुमच्याकडेच आहे असं समजू नका. गेली दोन वर्षं नवीन येणाऱ्या प्रत्येकाच्या घरात ती शिट्टी आहे. हल्ली यंत्रं फार झालीत. पूर्वी लोकांची घरं कशी शांत असायची."

सिर्काने पहिलं वाक्य गिळलं. मग दुसरं, तिसरंही. रेइनो तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. तिने त्याच्याकडे पाठ केली.

"तौनो, कानाला हेडफोन आहेत?" गाडी पहिल्यांदा चढावर बंद पडलेल्या माणसाशी बोलावं, तसं तिने हळू विचारलं.

"आहेत ना. एका कानावर फोन, दुसऱ्यावर ते. दिवसभर असतात."

"ते काढून टेबलावर ठेवा. घरात काही चालू असेल तर बंद करा. मग फोनही खाली ठेवा. दहापर्यंत मोजा आणि परत उचला."

पलीकडे खुर्ची सरकली. कसलंसं बटण वाजलं. फोन लाकडावर टेकल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. दहा आकडे मोजायला तौनोला तीन मिनिटं लागली. सिर्का थांबली.

फोन उचलला गेला.

"सगळं बंद केलं, तरी वाजतेच आहे. पुस्तक तुमचं," तो म्हणाला. "शिट्टी माझी."