पहिल्या सोमवारचा भोंगा

सोमवार, ५ जून २०१७. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. सरोवराच्या गुडघाभर पाण्यात दोघीजणी उभ्या होत्या: एकाहत्तर वर्षांची तानेके आणि तिची सहा वर्षांची नात फेना. काठ नाहीसा झाला होता.

थोड्याच वेळापूर्वी तो होता. पॉप्लर झाडांची सरळ रांग होती, रांगेखाली बाक होता आणि बाकावर तानेकेचा नवरा वुब्बो, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथमच एवढा चाललेला, थर्मासमधली कॉफी ओतत होता. फेना शिंपले वेचत आत गेली, मग आणखी आत. सरोवर उथळ, पोरे कितीही आत गेली तरी उभीच दिसतात. तेवढ्यात थंड पाण्यावर उबदार वारा आला आणि धुक्याची भिंत सरकत आली. तानेके बुटांसकट पाण्यात उतरली. तिने नातीचा हात धरला आणि ती मागे वळली. मागे फक्त पांढरे होते.

“तानेके!”

वुब्बोची हाक डावीकडून आल्यासारखी वाटली. पुढची समोरून आली. तिसरी पाठीमागून. ती तिसऱ्या हाकेच्या रोखाने चालू लागली. काही पावलांतच पाणी मांडीपर्यंत चढले, फेनाच्या छातीला लागले, आणि पायाखालची वाळू उताराला लागली. तानेके थिजली. बोटींसाठी खोदलेला मार्ग इथेच कुठेतरी होता. तिथे पाणी दोन पुरुष खोल, आणि तिला पोहता येत नव्हते.

“मला येतं पोहायला,” फेना म्हणाली. “कपडे घालूनसुद्धा. फक्त परीक्षा राहिलीय.”

“शहाणी आहेस. आता पाठीवर चढ.”

नातीला पाठीवर घेऊन ती उलट्या पावलांनी गुडघाभर पाण्यात परतली. कुठल्याशा बाजूने बोटीचे इंजिन धडधडत गेले. लाटा येऊन पायांवर आपटल्या, पण त्या कुठून आल्या हेही तिला सांगता आले नसते.

“वुब्बो, फोन कर ना कुणाला!”

“गाडीत राहिलाय! घेऊन येऊ का?”

गाडी जंगलापलीकडे, दोन किलोमीटरवर होती. वुब्बोच्या चालीने एक तास.

“नको! तिथून हलू नकोस!” तिने घड्याळ पाहिले आणि तिला पहिल्यांदा आशा वाटली. “आज पहिला सोमवार आहे. बाराला तुझ्या पाठीमागच्या गावातला भोंगा वाजेल; पाण्यावर तो लांबूनही ऐकू येतो. तो वाजला की त्याच्याकडे चालत येते. तोवर जागची हलणार नाही!”

पलीकडून थर्मासचे झाकण घट्ट फिरवल्याचा आवाज आला.

“बरं,” अखेर वुब्बो ओरडला. “तिथंच थांब.”

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला देशभरातल्या धोक्याच्या भोंग्यांची चाचणी होते. तो आवाज कानांवर पडू नये म्हणून तानेके त्या दिवशी गाव सोडून जंगलात येई. इतक्या वर्षांत तिने एकही सोमवार चुकवला नव्हता. आज शाळा नव्हती म्हणून फेना बरोबर आली होती. १९५३ साली झीलंड या किनारी प्रांतात समुद्र बांध फोडून घरात शिरला तेव्हा तानेके सात वर्षांची होती. छपरावर बसून तिने कारखान्याचा भोंगा ऐकला होता, आणि तो मध्येच बंद पडलेलाही ऐकला होता.

“ओमा, तुला तर भोंग्याची भीती वाटते ना?” फेनाने आजीला विचारले.

“वाटते.”

“मग तो वाजायला कशाला हवाय?”

“दात वाजताहेत तुझे. तोंड मिट.”

पाऊण तास गेला. पाठीवरची पोर थरथरायची थांबली आणि झोपाळल्यासारखी बोलू लागली. त्या बोलण्याची तानेकेला पाण्याहून अधिक धास्ती वाटली. स्वतःचे पाय तर तिला जाणवतच नव्हते.

बाराच्या ठोक्याला भोंगा सुरू झाला.

खालच्या पट्टीतून तो वर चढला आणि एका सुरावर लांबत राहिला. तानेकेला कान झाकून घ्यावेसे वाटले. तरीही ती सावकाश एक गिरकी घेत राहिली, आणि आवाज दोन्ही कानांत सारखा भरला तिथे थांबली. फेनाचा हातही त्याच दिशेला उठला. दोघी निघाल्या. मध्येच सूर तुटला, तशी तानेके जागीच खिळली. सूर पुन्हा चढला. तिने पाऊल उचलले. तुटला, थांबली. चढला; निघाली.

“ओमा, भोंग्याला खोकला झालाय,” फेना पुटपुटली.

बिघडला असेल, तानेकेला वाटले. लव्हाळ्याची पाती हाताला लागली, मग चिखल आला. आवाज आता अगदी तोंडासमोर होता.

वुब्बो नडगीभर पाण्यात उभा होता. दोन्ही तळवे तोंडाभोवती, डोळे घट्ट मिटलेले, चेहरा जांभळा. ती समोर येऊन उभी राहिली तरी तो थांबला नाही. तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला तेव्हा कुठे तो गप्प झाला.

“आज पेंटेकॉस्टचा सोमवार,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “सणाला भोंगा वाजवत नाहीत गं.”

“मग सकाळीच का नाही बोललास?”

“बोललो असतो, तर फिरायला आली असतीस का माझ्याबरोबर?”

तिने अंगातला कोट काढून पोरीला गुंडाळले आणि घड्याळाकडे पाहिले. सरकारी भोंगा एक मिनिट सव्वीस सेकंद वाजतो. हा एकोणीस मिनिटे वाजला होता.