वाढत्या हाताचं माप

रविवारी हाँगकाँगच्या जेड बाजारात पर्यटकांची नुसती झुंबड असते. त्यातून वाट काढत पुई-सान माझ्या गाळ्यावर आली आणि महिन्यापूर्वी नेलेली हिरव्या जेड दगडाची बांगडी पुढे ठेवून म्हणाली, "मावशी, ही बदलून द्या. माप चुकलं."

मला रागच आला. "लहान माप मागितलंस तेव्हाच म्हटलं होतं ना, पोरीच्या वाढत्या हाताला जरा मोठी घे? तुम्ही पोरीच्या हाताला साबण चोळून घट्ट बांगडी चढवता आणि मग रडत माझ्याकडे येता." मी दोन मापं मोठी बांगडी काढून दिली.

तिने ती परत सरकवली. "याहून लहान हवी."

"लहान? अगं, पोरीचा हात वाढतो की आटतो?"

"पोर नाही, माझी आई आहे," ती म्हणाली. "लग्नातली बांगडी पन्नास वर्षं हातातून निघाली नव्हती. हॉस्पिटलमध्ये तीच आपोआप गळून पडली. तुमच्याकडची नेली, तीही परवा हातातून पडली. हात मोकळा दिसला की आई घाबरते."

मागे एक पर्यटक भाव विचारत होता, त्याला मी हातानेच थांबवलं. सगळे डबे उपसून शाळकरी पोरीच्या मापाची एक बांगडी शोधली.

"याच्याखालचं माप माझ्याकडे नाही गं."

पुई-सानने ती रुमालात गुंडाळली.

"असू दे मावशी. याच्याखालचं लागणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत."