डोंगराचा नाद

धाकट्या भावाच्या पत्राला उत्तर द्यायचं धाडस मला वर्षभर झालं नाही. "दादा, पोरीच्या हृदयाला जन्मापासून भोक, आणि हिला डोंगर चढायचा नाद! डॉक्टर हो म्हणतात, त्यांच्या बापाचं काय जातं? तू चार बुकं वाचलीस, तूच समजाव तिला."

परवा दोघं आली. लिफ्ट बंद. पुतणी दोन्ही बॅगा घेऊन चौथ्या मजल्यावर पोचली. भाऊ दुसऱ्या मजल्याच्या पायरीवरच बसला आणि सिगारेटच्या धुरात खोकत ओरडला, "दादा, तिला आधी बसव रे! नाजूक जीव आहे!"

पुतणी त्याला हात धरून आणायला परत खाली गेली.

आज उत्तर टपालात टाकलं: "पटलं. नाजूक जिवाने डोंगर चढू नये. तू घरीच बस, तिला जाऊ दे."